घरातली चढण

१

मी वेफर्सच्या कारखान्यात पाकिटं सील करायच्या मशीनवर आहे. शाळा सोडली तेव्हापासून इथेच. वरून वेफर्स पडतात, पाकिटात हवा भरली जाते, दोन गरम पट्ट्या मिटतात आणि पाकीट पुढे जातं. एकच गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या मालात हवा कमी भरायची. वर गेलं की बाहेरची हवा विरळ होते, आतली फुगते, आणि जास्त भरली असेल तर पाकीट वाटेतच फुटतं. त्यामुळे तो माल इथे असेपर्यंत मरगळलेला दिसतो. शेजारच्या मशीनवरचे काका त्याला उपाशी माल म्हणतात.

लग्नानंतर मला बायकोशी काय बोलावं ते सुचायचं नाही, म्हणून मी तिला हे सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग वर माणसाचं काय होतं?"

ती दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो आहे. उंच डोंगरावरचं फार जुनं शहर. छपरं कधीच गेलेली, नुसत्या दगडी भिंती, ठेंगणी दारं आणि मागे बर्फ. दाढ धरून बसलेल्या माणसांचं तिकडे लक्ष नसतं. ती मात्र दिवसभर तेच बघते.

"मला त्या दारातून वाकून आत जायचंय," ती म्हणाली होती. "आणि तू मागे हवास. मी पुढे, तू मागे."

त्यावरून आमचं तिथे जायचं ठरलं. रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही जमिनीवर नकाशा पसरायचो. ती बोट फिरवायची. मला त्या गोल गोल रेषांमधून उंची दिसायचीच नाही. एका रविवारी ती कंटाळली आणि म्हणाली, "बरं, घर बघ. स्वयंपाकघर म्हणजे पायथ्याचं गाव. मधली खोली म्हणजे पहिला मुक्काम. बोळ म्हणजे खिंड. आणि मागची खोली म्हणजे ते शहर. आता कळलं?"

आता कळलं. आमचं घर असंच आहे, एकामागे एक. दारातून आत आलं की स्वयंपाकघर, मग आमची झोपायची खोली, मग अंधारा बोळ आणि शेवटी मागची खोली. तिथे घडीची खाट आणि रिकामी खोकी असतात. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत.

२

डोंगरावर नेणाऱ्या लोकांनी आधी तब्येत तपासून यायला सांगितलं होतं. डॉक्टरबाईंनी मला नळीत फुंकायला लावलं, पुन्हा फुंकायला लावलं, आणि मग माझ्याकडे न बघता बायकोकडे बघितलं.

"लहानपणी छातीचं काही झालं होतं का यांना?"

"झालं होतं," मी म्हटलं.

"वरची हवा यांना पुरायची नाही. इथे ठीक आहेत, काही होणार नाही. पण वर नेऊ नका. तुम्हाला जायचं असेल तर तुम्ही जाऊन या."

आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर मी म्हटलं, "तू जा. खरंच जा."

"एकटी जाऊन काय करू? दगडांशी गप्पा मारू?"

"बरोबर बाकीची माणसं असतात की."

"गप बस जरा."

मी गप्प बसलो. ते मला जमतं. पण घरी आल्यावर तिने प्रवासासाठी भरलेल्या पिशव्या उपसल्या नाहीत. दोन्ही पिशव्या भिंतीला टेकून तशाच राहिल्या, आणि मी जाता येता त्यांच्याकडे बघत राहिलो. मला वाटत होतं की तिने जावं. आणि मला वाटत होतं की ती जाईल तेव्हा मी बरोबर असावं. दोन्ही एकदम होणार नव्हतं, आणि यातलं काय मागावं ते कळत नव्हतं. त्यामुळे मी काहीच मागितलं नाही.

३

पुढच्या रविवारी उठलो तर ती स्वयंपाकघरात डोंगरावरचे बूट घालून उभी होती.

"चल," ती म्हणाली. "निघायचंय."

"कुठे?"

"वर. घरातल्या घरात. डॉक्टरबाईंनी घरात फिरायला बंदी केलेली नाही ना?"

मला हसू आलं. तिलाही आलं. मग आम्ही हसायचं थांबवलं आणि नीट सुरुवात केली. आमचं चुकलं असेल तर इथेच चुकलं. दुसऱ्या कुणी हा खेळ म्हणून केला असता, मध्येच चहाला उठला असता, दार वाजलं तर जाऊन उघडलं असतं. आम्हा दोघांना असं अर्धवट काही करता येत नाही. तिने नियम घातले. वरच्या जागेची सवय होईपर्यंत पुढे जायचं नाही. सुट्टीचा पूर्ण दिवस त्याच जागेत काढायचा. लागेल ते पाठीवरून न्यायचं, आठवलं म्हणून मागे फिरायचं नाही. सावकाश चालायचं. चालताना बोलायचं नाही.

पहिला दिवस पायथ्याला काढला. शेजारच्या वहिनी वाटी मागायला आल्या. आम्ही जाकिटं घालून जमिनीवर बसलेलो.

"अगंबाई, कुठे निघालात का?"

"निघालोय," बायको म्हणाली. "अजून पोचलो नाही."

वहिनींनी वाटी घेतली आणि काही न विचारता गेल्या. त्या गेल्यावर आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. इतकं हसलेलं त्यानंतर मला आठवत नाही.

४

मधल्या खोलीत मुक्काम हलवला तो दिवस चांगला गेला. छोटा स्टोव्ह नेला होता, त्यावर तिने चहा केला. दुपारी मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि माझी नजर फळीवर गेली.

कारखान्यातून आम्हाला खराब छपाईची पाकिटं घरी न्यायला देतात. त्यातलं एक फळीवर होतं. उपाशी मालातलं. ते टम्म फुगलं होतं.

मी उठून हातात घेतलं. कागद ताणून गुळगुळीत झाला होता, बोटाने वाजवला तर ढोलकीसारखा आवाज आला. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो सीलचा. पण सील सैल असलं तर पाकीट बसतं, फुगत नाही. मग वाटलं, माल आत नासला असेल. फोडून बघितलं. फस्स करून हवा गेली. वेफर्स कुरकुरीत होते. बायकोने दोन खाल्ले.

"छान आहेत की," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात त्याच खोक्यातलं दुसरं पाकीट होतं. मी नियम मोडून तिथे गेलो. ते चेपलेलं, मरगळलेलं, जसं असायला हवं तसं होतं. ते घेऊन मधल्या खोलीत आलो आणि फळीवर ठेवलं. ठेवताना काही झालं नाही. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा तेही फुगलेलं होतं.

सोमवारी ते पिशवीतून कारखान्यात नेलं. काकांसमोर काढलं.

"घरून माल आणायला लागलास?" काका म्हणाले. "इथे कमी पडतोय का?"

"फुगलंय बघा."

"हे? हे तर माझ्या सासऱ्याच्या गालासारखं बसलंय."

खरंच बसलं होतं. काकांनी ते उलटसुलट केलं, माझ्या हातात परत दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "नवीन लग्न आहे, समजू शकतो. पण झोप काढत जा बाबा. ही पट्टी बोट भाजताना विचारत नाही."

मी मान हलवली. मशीन सुरू केलं. दिवसभर समोरून पाकिटं जात राहिली आणि मी एकाहीकडे नीट बघितलं नाही.

५

त्यानंतर मी फार विचार केला नाही. करायला हवा होता. पण आतून सगळं जरा बधिर झाल्यासारखं होतं, थंडीत बोटं होतात तसं. समोर जे दिसेल ते दिसायचं, आणि त्याचं पुढे काही व्हायचं नाही.

मधल्या खोलीचा उंबरा ओलांडला की कानात दडे बसायचे. गिळलं की सुटायचे. स्टोव्हवर पाणी लगेच उकळायचं, पण त्यात टाकलेले बटाटे कितीही वेळ ठेवले तरी मधून कडकच. बायको ते दाताने तोडून खायची.

"अगदी तसंच आहे," ती म्हणायची. "वर असंच होतं म्हणतात."

"अगं, पण आपण वर नाही."

"माहितीय मला."

आवाजही बदलला होता. पलीकडच्या घरातला टीव्ही, जिन्यातली मुलं, रस्त्यावरचे हॉर्न, हे स्वयंपाकघरात नेहमीसारखं ऐकू यायचं. मधल्या खोलीत ते सगळं खालून आल्यासारखं वाटायचं. खूप खालून. मी स्वतःला सांगायचो की दोन भिंती मध्ये आल्या तर आवाज कमी होणारच. हे बरोबरही होतं. पण आम्ही झोपतो ती खोली हीच. लग्न झाल्यापासून त्याच दोन भिंती होत्या.

आम्ही रात्री गाद्या स्वयंपाकघरात घालू लागलो. मीच सुचवलं. तिथे मला झोप लागायची. सकाळी कपडे घ्यायला मधल्या खोलीत गेलो की कपाटापर्यंत पोचताना दम लागायचा आणि कपाळामागे ठणकायला लागायचं.

तिला काहीच व्हायचं नाही. उलट तिच्या गालांवर रंग चढला होता. दवाखान्यातले दंतवैद्य तिला म्हणाले की सुट्टीवर जाऊन आल्यासारख्या दिसताय.

बोळात जायच्या आदल्या दिवशी मी बोललो. "माझं डोकं दुखतंय. इथेच थांबू या का?"

ती बूट घालत होती. नाडी हातात धरून ती थांबली. "थांबू. तू म्हणालास तर थांबू. बूट काढू, पिशव्या उपसू, सगळं परत जागेवर ठेवू. म्हण फक्त."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच थांबली असती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला ते म्हणता आलं नाही.

"पाणी पितो जरा," मी म्हटलं. "बरं वाटेल."

६

ताई आली तो रविवार होता. ताई माझी मोठी बहीण, दोन रस्ते पलीकडे राहते, न सांगता येते. आम्ही बोळात बसलो होतो. दार मीच उघडलं. बोळातून दारापर्यंत यायला मला इतका वेळ लागला की तिने तीनदा बेल वाजवली.

"झोपला होतास?"

"नाही."

"मग काय दळण आणायला गेला होतास? आणि चालतोयस कसा, आजोबांसारखा?"

ती सरळ आत शिरली. मधल्या खोलीत गेली, पलंगावर बसली, पदराने वारा घेतला. तिला काही वाटलं नाही. मी तिच्याकडे बघत होतो, तिचा श्वास बघत होतो. नेहमीसारखा. वाटलं, म्हणजे सगळं माझ्या छातीतच आहे. डॉक्टरबाईंकडे परत जायला हवं, एवढंच. मला फार हलकं वाटलं.

"आणि राणीसरकार कुठेत?"

"बोळात."

ताईने माझ्याकडे बघितलं आणि बोळाच्या तोंडाशी गेली. "अगं, अंधारात काय बसलीस? दिवा तरी लाव."

"सवय करतेय, ताई," आतून आवाज आला.

"कसली सवय?"

उत्तर आलं, पण शब्द कळले नाहीत. बोळ जेमतेम एका माणसाच्या लांबीचा आहे. ताईने कानामागे हात धरला, वाकून ऐकलं आणि मग सरळ झाली. ती परत स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचा चेहरा जरा उतरला होता.

"काय रे, ती इतक्या लांबून काय बोलतेय?"

ताईने चपला घातल्या. दारात थांबून म्हणाली, "तिला कुठेतरी खाली घेऊन जा. समुद्रावर वगैरे. ऐकतोयस ना? खाली."

७

मागच्या खोलीत ती एकटी गेली. ठरलं तसंच होतं. मला बोळात सवय होत नव्हती, आणि ती म्हणाली, "मी नुसती वाट बघून येते. तू उतर, आराम कर. मग एकदम दोघं जाऊ."

दुपार होती. मी मधल्या खोलीपर्यंत उतरलो आणि पलंगावर पडलो. दार उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा आला नाही. मग बराच वेळ काही नाही. नंतर तिचं बोलणं ऐकू आलं.

ती एकटी असताना स्वतःशी बोलते. भांडी घासताना, हिशेब लावताना. म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. पण स्वतःशी बोलणारं माणूस थांबत नाही. ती थांबत होती. काहीतरी विचारायची, मग गप्प, मग हसायची. त्या गप्प राहण्याची लांबी माझ्या ओळखीची होती. मला उत्तर द्यायला जितका वेळ लागतो, तितकीच.

मी उठलो. बोळाच्या भिंतीला हात लावून चाललो. भिंत गार होती, आणि हाताला गिलावा लागायला हवा तिथे खडबडीत काहीतरी लागत होतं. मी हाताकडे बघितलं नाही. मला दार बघायचं होतं. दार अर्धं उघडं होतं, आणि त्याची वरची चौकट माझ्या छातीपर्यंतच येत होती. मला वाटलं मी उभाच आहे. कदाचित तोवर मी गुडघ्यांवर आलो असेन. नक्की सांगता येत नाही.

आत ऊन होतं. त्या खोलीत ऊन येत नाही.

ती मला दिसली. पाठमोरी, तिच्या निळ्या जाकिटात. दिसायला हवी त्यापेक्षा ती फार लहान होती. माझा अंगठा पुढे धरला असता तर ती त्यामागे झाकली गेली असती. तिच्या शेजारी एका बुटक्या भिंतीवर कुणीतरी बसलं होतं. ती काहीतरी बोलली. तो हसला, आणि हसताना त्याने हाताने तोंड झाकलं. मीही झाकतो. माझे पुढचे दात वेडेवाकडे आहेत.

मग तो मान वळवू लागला. मी मागे सरकलो.

८

मी स्वयंपाकघरात कसा पोचलो ते आठवत नाही. ओट्याशी उभा राहून नळ सोडला आणि पाण्याकडे बघत राहिलो. रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होत नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा ओठ फुटलेले, डोळ्यांखाली उन्हाने रापलेलं. मला बघून ती थबकली.

"तू कधी उतरलास?"

"मी आलोच नव्हतो."

ती काही वेळ माझ्याकडे बघत राहिली. चिडून नाही. दवाखान्यात कुणी चुकीच्या दिवशी येऊन बसलं की ती असंच बघत असेल. मग जवळ आली आणि माझ्या गालाला हात लावला. तिचा हात बर्फासारखा होता.

"तो म्हणाला होता तू खाली असशील म्हणून," ती म्हणाली. "मला वाटलं चेष्टा करतोय."

"आणखी काय म्हणाला?"

"फार नाही बोलत तो. तुझ्यासारखाच आहे." ती हसली. "पण चालतो छान. माझ्या मागेच होता सगळा वेळ. एकदाही थांबला नाही."

मी नळ बंद केला.

"तू चल ना," ती म्हणाली. एकदम माझे दोन्ही हात धरले. "आत्ता चल. मी धरते तुला. तू आलास म्हणजे मग तो... म्हणजे मग काही प्रश्नच नाही. चल."

मी तिच्याबरोबर निघालो. हे मला सांगायचंय, मी निघालो. मधल्या खोलीत डोळ्यांपुढे ठिपके आले. बोळाच्या तोंडाशी श्वास आत जाईना. मी तोंड उघडत होतो आणि आत काही येत नव्हतं. ती सांगत होती, हळू, हळू, आणि तिचा आवाज कापसातून येत होता. शेवटी तिने माझ्या काखेत हात घालून मला ओढत परत आणलं, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून बसवलं, अंगावर चादर टाकली. माझा रंग परत येईपर्यंत ती समोर बसून राहिली.

"आता बरं आहे?"

"आहे."

"इथे तुला काही होत नाही. हो ना?"

"नाही होत."

तिने मान हलवली. बोळाकडे बघितलं. "तो एकटाच आहे वर. ऊन उतरायला आलंय. त्याच्याकडे प्यायला पाणी नाही, सगळं माझ्याच पिशवीत होतं."

तिला थांबवायला एक शब्द पुरला असता. तो माझ्या तोंडात होताही. पण तिने पिशवी पाठीवर घेतली तेव्हा तिचे खांदे कसे सरळ झाले ते मी बघितलं. इतके दिवस मला जे हवं होतं ते होत होतं. ती जात होती, आणि मी बरोबर होतो.

"दोघं सावकाश जा," मी म्हटलं.

ती वाकली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला. जेवढं आमचं घर आहे, त्याहून कितीतरी जास्त वेळ.

९

मी कामाला जातो. काका म्हणतात तब्येत सुधारली. मी स्वयंपाकघरातच राहतो, तिथे मला सगळं मिळतं. दवाखान्यातून विचारणा झाली, मी सांगितलं की सुट्टी वाढवली आहे.

काल ताई आली. डबा घेऊन आली होती. या वेळी ती पुढे गेली नाही, ओट्याला टेकून उभी राहिली. मधल्या खोलीच्या दारावरचा पडदा आत ओढला जात होता, ते तिने बघितलं आणि नजर वळवली.

"कुठेय ती?"

"फिरायला गेलीय. डोंगरावर, ते जुनं शहर बघायला. आमचं ठरलं होतं ना."

"आणि तू तिला एकटीला जाऊ दिलंस?"

"एकटी नाही, ताई," मी म्हटलं. "मी आहे बरोबर."

ताईने डबा ओट्यावर ठेवला. झाकण काढायला तिला जमेना. मी तिच्या हातातून घेतला, उघडला, आणि दोन ताटं मांडली.